गोड्या पाण्याचा शिंपला

मुहर्रकच्या उत्तरेला, मिनार दिसेनासे होतात तिथे
आमची बार्ज चार नांगरांवर उभी.
रॉमेल नळी वर ओढतो, मी ती उभी चिरते,
भेंडी चिरावी तशी,
आणि आधी वास घेते.

वरचा हातभर गाळ नेहमीचा:
मीठ, कालवं, कुजलेलं समुद्रगवत.
त्याखाली करडी रेती, बारीक, वाऱ्यानं चाळलेली.
त्याखाली काळा पट्टा.
पट्ट्यात नखाएवढा एक शिंपला
आणि लव्हाळ्याचं मूळ.
हा शिंपला खाऱ्या पाण्यात जगत नाही.

इथे तळं होतं.

पुरात लव्हाळं वाकून वाचतं, आपल्याकडे म्हणतात.
हे वाचलं नाही.
पूर ओसरलाच नाही.

बर्फ इथे कधी आला नाही, हे मला आधी सांगायला हवं.
लोक विचारतात, वाळवंटात कसलं हिमयुग?
बर्फ दूर उत्तरेला होता, कोसभर जाड,
त्यानं जगाचं पाणी उचलून स्वतःच्या अंगाखाली ठेवलं
आणि ही सगळी खाडी उघडी पडली,
होर्मुझपर्यंत एकच दरी.
दजला-फुरात एकाच पात्रातून तिच्यातून चालत गेल्या.
काठाने हरणं, रानगाढवं, त्यांच्या मागे तरस,
तरसाच्या मागे माणसं, किंवा पुढे. माहीत नाही.
नळीत माणूस सापडत नाही.

मग बर्फानं घेतलेलं परत करायला सुरुवात केली.
सपाट जमीन; एखाद्या वर्षी किनारा
हजार पावलंही आत आला असेल.
उन्हाळ्यात चूल मांडली तिथे पुढच्या उन्हाळ्यात खेकडे.
हरणं मागे सरली. ससे एका उंचवट्यावर राहिले,
त्यांना न विचारता
उंचवट्याचं बेट झालं.
दरीत समुद्रगवत उगवलं
आणि हिंदी महासागरातून समुद्रगायी आल्या,
हरणं चरायची त्याच उतारावर
मान खाली घालून चरू लागल्या.
कुरण तेच. चरणारं बदललं.

नाखवा बू दुऐज (इथे नोखदा म्हणतात,
मी नाखवा म्हटलं की हसतो)
शिंपला तळहातावर घेतो, परत देत नाही.
त्याचा आजा मोत्यांसाठी बुडी मारायचा,
तहान लागली की पखाल घेऊन तळाशी जायचा.
तळाला झरे होते. समुद्राच्या पोटात गोडं पाणी.
‘कुठल्या पावसाचं?’ मी विचारते.
‘अल्लाहच्या,’ तो म्हणतो, मग जरा थांबून,
‘जुन्या.’
झरे आता आटलेत. आम्ही बाटलीतलं पितो.

रात्री उदगीरला फोन.
लेक म्हणते, तुझ्या कपाटात मी माझी पुस्तकं ठेवली.
बाबा आता डाव्या अंगावर झोपतात.
तुझ्या कपात पेनं आहेत, फुटलेला नाही, काळजी करू नकोस.
चार वर्षं मी त्या घरात नाही
आणि घराची प्रत्येक वाट माझ्या नसण्याला वळसा घालून
नाही, तसं नाही.
माझ्या नसण्यात उगवली.

पुढच्या मार्चला करार संपतो.
मी हे अजून सांगितलेलं नाही.
बर्फ वितळतो तेव्हा तो घरीच येत असतो, समुद्रात.
त्याला कुठे ठाऊक, मधल्या काळात
कोणी तळं केलं, कोणाची पिल्लं त्या काठाला वाढली.

पहाटे वारा पडला. नळीचे दोन्ही अर्धे
प्लास्टिकमध्ये गुंडाळले, खोली लिहिली, तारीख लिहिली.
पेटीवर बाण काढायचा असतो,
वरची बाजू कोणती ते कळावं म्हणून.
रॉमेलनं तो आधीच काढला होता, उलटा.
मी खोडला नाही लगेच.
शिंपला बू दुऐजच्या खिशात होता,
नोंदीत मी त्याच्यापुढे लिहिलं: एक, अखंड.