कापणी ते पेरणी

कॉलेज म्हणायचं, एवढंच.
हळदोण्याच्या चढणीवर दोन खोल्या, एक पडवी,
लॅटिन शिकवणारे मेश्त कायतान फुर्ताद
आणि आम्ही तेवीस. त्यांतले अकरा
खाजनातलं भात कापून झालं की
उन्हं कलताना बांधावरून खाली उतरायचो.

जमीन भिवा गावकराची. त्याची अट साधी:
रोहिणी लागल्या की नांगर घालणार,
मग तुमचा राजा येवो की रिपब्लिक.

सुपारीचे चार सोट, वर काथ्याची दोरी.
चेंडू दोरीवरून गेला की खालून,
यावर आम्ही जेवढं भांडलो
तेवढा गाव कोमुनिदादीच्या हिशेबावरूनही भांडत नाही.
शिटी नव्हती. मेश्त क्लॅरिनेट आणायचे:
एक सूर, थांबा. दोन सूर, गोल.
आमच्यासाठी दोन सूर क्वचितच वाजायचे.

मी, पुंडलीक केंकरे, गोलात.
उंच होतो म्हणून, आणि धावता येत नव्हतं म्हणून.
चेंडू कातड्याचा. घरी मागीलदारी
आते तांब्या घेऊन उभी असायची,
अंगावरून पाणी घेतल्याशिवाय उंबरठा नाही.
पौषात दात वाजायचे त्या पाण्यानं
आणि ती विचारायची, "किती?"
"पाच."
"आपले?"
"त्यांचे."
ती आणखी एक तांब्या ओतायची.

थिवीनं पाच, शिवोलीनं चार.
पणजीचे शिपाई तर बूट घालून आले
आणि धसकटांनी सोललेल्या आमच्या पायांवर
मनापासून नाचले.
त्या दिवशी बोस्त्यांवच्या अंगठ्याचं नख मातीत राहिलं
आणि चेंडूतली रबरी पिशवी फुटली.
बेळगावहून नवी यायला महिना.
इनासच्या बापानं डुकराचं मूत्राशय
धुऊन, वाळवून, फुंकून दिलं.
महिनाभर मी ते छातीशी धरलं.
आतेला सांगितलं नाही.
आता ती नाही, म्हणून लिहितो;
विहीर पुरली नसती.

नाताळानंतर माणसं कमी होऊ लागली.
इनास बोटीवर, खलाशी.
मिंगेल आणि त्याचा धाकटा भाऊ
लोरेंसु मार्कीशला, मामाच्या दुकानात.
सालू कराचीला, पाव भाजायला.
निरोप असा कुणी घेतला नाही.
सामन्याच्या दिवशी जागा मोकळी दिसायची
आणि चेंडू सवयीनं
तिकडेच जायचा.

शिगम्याच्या तोंडावर आम्ही सात उरलो.
अस्नोड्याचे अकरा होडीतून मानशीपाशी उतरले.
त्यांच्या कप्तानानं आम्हाला मोजलं.
पुन्हा मोजलं.
त्याचं नाव मला आठवत नाही, कानातली भिकबाळी आठवते.
बोलला काही नाही. आपल्यातल्या चौघांना
बोटानं दाखवून बांधावर बसवलं.

सातांना सात, आणि ते एवढं शेत!
हंगामात पहिल्यांदाच धावायला जागा मिळाली.
मीसुद्धा धावलो, उगाचच.
बोस्त्यांवनं त्याच बिननखी अंगठ्यानं ढकलला तेव्हा
मेश्तांनी दोन सूर वाजवले, मग तिसरा,
मग त्यांना आवरलंच नाही, अख्खा मांडो वाजवला.
अस्नोड्याचे कमरेवर हात ठेवून
तो संपायची वाट बघत राहिले.
मग त्यांनीही एक केला. त्यावर काळोख पडला.

"किती?" आते म्हणाली.
"एक."
"त्यांचा?"
"त्यांचा. आणि एक आपला."
तांब्या अर्ध्यावरच थांबला.

रोहिणी लागल्या. भिवानं नांगर घातला,
पण बांधालगतचे माझे दोन सोट उपटले नाहीत.
कुणीतरी तिथं दुधीचं बी टोचलं असावं.
भाद्रपदात वेल दोरीवर पसरला होता
आणि एक कोवळा दुधी
अगदी मधोमध लोंबत होता,
दोरीच्या खाली.

खालीच.
भांडायला कुणी नव्हतं.