पाळीसारखं, थोडंसं

पत्रकात छापलंय:
'पाळीत दुखतं तसं दुखेल, थोडंसं.'
कुणाच्या पाळीत?
माझी जाऊन नऊ वर्षं झाली.
होती तेव्हा, ओहोटीला शिंपले उकरताना
मी दाताळ्याच्या दांड्यावर वाकून उभी राहायचे.
बाकीच्यांना वाटायचं,
एलुनेद वाळू बघतेय.

बहीण फोनवर म्हणाली, दोन बाळंतपणं काढलीस,
एका बारीक दुर्बिणीला काय घाबरतेस?
घाबरले नाही गं.
विचारतेय.

आधी तासभर दोन गोळ्या, भरल्या पोटी.
पुढं एवढ्याशा चौकोनात खूण करायची:
गॅस ओढायचा, की तिथंच सुई,
की शिरेतून गुंगी, पण मग घरी न्यायला माणूस हवा.
पूर्ण भूल हवी तर सात आठवडे थांबा.
सात आठवडे
तो तपकिरी डाग काय आहे
ते न कळता.

शेवटी दवाखान्यात फोन लावला.
कॅरिस नावाची नर्स. सगळं पाठ असल्यासारखं बोलली,
कधीही 'थांबा' म्हणा, आम्ही थांबतो, हेही.
मी विचारलं, तू काय घेतलं असतंस?
पलीकडे कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं.
'गुंगी,' ती म्हणाली. 'मी घेतलीच होती. दुसऱ्या वेळी.'

कुंपणाच्या भांडणापासून
इमलिन माझ्याशी बोलत नाही.
गाडी मात्र त्याच्याकडेच आहे.
दार वाजवलं. म्हटलं, गुरुवारी
मला स्वान्सीहून आणायचंय.
त्यानं काय झालंय विचारलं नाही.
हातातला ब्रश पँटला पुसला,
म्हणाला, किती वाजता?