अहो

रविवार. ओव्हनमध्ये बटाटे होते.
तू म्हणालास, "डोक्यात कुणीतरी..."
आणि वाक्य तिथंच ठेवून खाली बसलास,
चष्मा जपून बाजूला काढून.

बावीस वर्षं रॉदरहॅमच्या कारखान्यात
पोलादी नळ्यांना यंत्र लावून
तू भेगा ऐकत आलास.
केसाएवढी चीरही सुटायची नाही तुझ्यातून.
डॉक्टर ओकाफोर पडद्यावर बोट ठेवतात:
हा फुगा. मटाराएवढा. इथं फुटला.
किती वर्षांचा असेल, मी विचारते.
सांगता येत नाही, म्हणतात,
आणि माझ्या कोटाच्या लोंबत्या बटणाकडे बघत राहतात.

मांडीतून नळी शिरली, पार वर गेली,
फुग्यात प्लॅटिनमची तार गुंडाळून बसवली.
फोनवर सासूबाई म्हणाल्या, सोन्याहून महाग ना ते?
मी हो म्हटलं. वाटलं, झालं.

"आता चौथ्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत जपायचं,"
नर्स लिंझी म्हणाली.
दहावा, तेरावा,
हे आकडे आपल्यात कशाचे असतात,
तिला काय ठाऊक.

रक्त सांडलं की आसपासच्या शिरा आक्रसतात म्हणे.
सहाव्या दिवशी तुझा उजवा हात तुझा राहिला नाही.
मग सोडियम उतरलं. मीठच ते.
चिमूटभर मिठावाचून
तू वॉर्डाच्या खिडकीला मिरजेचा स्टँड म्हणालास
आणि सुट्टे पैसे मागितलेस माझ्याकडे.
डोक्यातलं पाणी उशाशी थेंब थेंब,
दर तासाला कुणीतरी मापायला.
दर चार तासांनी गोळी, पहाटे दोनलासुद्धा.
तेरावा गेला.
मी कँटीनमधून दोन केक घेतले.
दोन्ही मीच खाल्ले, उभ्यानं.

जूनमध्ये घरी आलास, शेफिल्डचा आपला चढ
चार वेळा थांबून चढत,
कानामागे कातडीखाली एक झडप घेऊन.
दारात बूट काढताना म्हणालास,
"अहो, तुम्ही इथंच राहता का?"

मराठी शाबूत. वार, तारीख, पंतप्रधान, सगळं बरोबर.
माझं एकवचन तेवढं गेलं होतं.
तीस वर्षांचं "ए शैले", तेही.
स्पीच थेरपिस्टला हे सांगू कसं?
इंग्रजीत तर सगळ्यांनाच यू.
फार नम्र आहेत, म्हणत ती खूश होऊन लिहून घेते.

कागदावर 'गुड रिकव्हरी' आहे.
खोटं नाही ते.
ट्रामच्या थांब्यापर्यंत जाऊन येतोस,
मग उजेडाकडे पाठ करून दुपारभर झोपतोस.
फोडणी करपली तरी तुला वास नाही.
लायसन्स पोस्टानं परत पाठवलं, पाकीट तूच चिकटवलंस.
चमचा पडला की रडतोस,
रडलास की माफी मागतोस:
तुमचा खोळंबा झाला.

काल मी मुद्दाम चहात साखर घातली नाही.
अर्धा प्यालास. कप ठेवलास.
डाव्या हातानं डबा माझ्याकडे सरकवलास.
"विसरलात," म्हणालास, आणि हसलास.
ते हसू मात्र
अरे-तुरेतलं.

किती घालू, मी विचारलं.
बराच वेळ
तू बोटांकडे बघत होतास.