कीली

उद्यमबागेत आठवडाभर लेथवर
शाफ्टाचे दोन-दोन थाऊ उतरवतो.
रविवारी या बोटांना सुट्टी सोसत नाही.
मग गच्चीवर पोतं अंथरून बसतो,
भोवती कुलपं,
शनिवार खुटाच्या भंगारातून किलोनं आणलेली,
गंजकी, मुकी,
किल्ल्या कुणाच्या कुठं पडल्या देव जाणे.

हत्यारं दोनच.
हॅक्सॉच्या तुटक्या पात्याची घासून केलेली आकडी,
आणि वायपरमधली पोलादी पट्टी, टोकाशी वाकवलेली.
पट्टीनं वळवायचं, पण वळवायचं नाही:
झोपलेल्या पोराखालून हात काढताना लागतो
एवढाच जोर.
आकडीनं एकेक पीन वर.
एक बसते. टिक्.
दुसरी बसल्याचं नाटक करते.
घाई केली की सगळ्या खाली,
पुन्हा पहिलीपासून.

वहीत लिहितो:
पितळी, पाच पिना. वजन पाव किलो, अक्कल छटाकभर. अकरा सेकंद.
लोखंडी, सहा लिव्हर. चाळीस मिनिटं, अंगठा सुजला. मानलं.
आकड्यांचं, चिनी. कान लावला की आपणहून सांगतं.
निपाणीच्या तंबाखू वखारीचं. कुलूप पैलवान,
कोयंड्याचे स्क्रू मात्र बाहेरून. नाण्यानं निघतील.

हे शेवटचं सगळ्यांत जास्त भेटतं.

लागलेल्या कुलपाला हात लावायचा नाही.
खडेबाजारात छत्रीखाली बसणाऱ्या दस्तगीरनं
आकडी धरायला शिकवली,
त्याआधी हे तीनदा वदवून घेतलं.
चौदा वर्षं पाळलं.

गेल्या माघात शेजारच्या चन्नव्वानं हाक मारली.
“कीली तेगी, तम्मा.”
म्हटलं, किल्ली कुठाय?
म्हणाली, तेच सांगालोय न्हवं, किल्ली नाही,
कीली उघड.

तिच्या कानडीत कीली म्हणजे कुलूप.
माझी किल्ली म्हणजे किल्ली.
मधल्या भिंतीतून इतकी वर्षं
विरजण गेलं, खीर आली, भांडणंसुद्धा ऐकू आली,
आणि एकच शब्द
तिकडं लावत होता, इकडं उघडत होता,
हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

पत्र्याची ट्रंक. नवऱ्याची.
तो बसवर कंडक्टर, किल्ली कायम करदोड्याला.
गेला तेव्हा करदोडा सोडायचं
कुणाच्या ध्यानात आलं नाही.
बसवून पुरतात त्यांच्यात.
किल्लीही त्याच्याबरोबर बसली असेल, मातीत.

मनातल्या मनात दस्तगीरला विचारलं.
लागलेलं आहे, पण लावणारा नाही,
आणि उघड म्हणणारी समोर उभी आहे.
तो काही बोलला नाही.
छत्री थोडी तिरकी केल्यासारखं वाटलं.

जुनं काम, चार लिव्हर, स्प्रिंगा दमलेल्या.
आकडी घातली न घातली
कडी वर.
मोजायचं नव्हतं, पण बोटं मोजतातच:
तीन श्वास.

चन्नव्वानं झाकणाला हात लावला नाही.
आधी विचारलं, कीली कशी आहे?
त्यानं गोकाकच्या जत्रेतून आणलेली.
घासाघीस न करता, सांगितलं तेवढे पैसे मोजून.

कुणाला अकरा सेकंद, कुणाला छटाकभर,
भीड न धरता मार्क देणारा मी,
म्हटलं, “छलो ऐती, अव्वा. भाळ गट्टी ऐती.”
कानडीत गट्टी म्हणजे मजबूत.
तिला ते तसं कळलं असेल,
मला आपलं.

कडी दाबायला गेलो तर म्हणाली,
हाकब्याड.
नुसती अडकवून ठेव.

वहीत तारीख घातली: ट्रंक, चार लिव्हर, गोकाक.
वेळेचा रकाना तसाच.
रात्री दाराला आतून कडी लावताना
पहिल्यांदाच नीट पाहिलं:
आमच्या कोयंड्याचे स्क्रू.
बाहेरून.