तिरपं बघणं

सास्कॅचेवान. उणे एकतीस.
काचेवर आतल्या बाजूनंच बर्फ धरलंय.
मी फडक्यानं बशीएवढी जागा मोकळी करते,
ओरेस्ट खुर्ची तिथे ओढून घेतो.

तेवीस हिवाळे त्यानं रस्त्यांवरचं बर्फ हटवलं,
पहाटे तीनला, एकटा, पिवळ्या ट्रकमधून.
आता त्याच्या नजरेच्या ऐन मध्यावर राखाडी डाग आहे.
सरळ पाहिलं की पक्षी नाहीसा.
कुंपणाच्या खांबाकडे पाहिलं
की येतो.

"आली," तो खांबाला सांगतो.
काळ्या टोपीची चिकाडी.
माझ्या दोन-तीन अंगठ्यांएवढं वजन असेल तिचं.
एक बी उचलते, फांदीवर नेते,
दोन पायांत धरून ठोकत राहते
कुणाच्या तरी दारावर ठोकावं तशी.
काचेतून आवाज येत नाही.

काल कुणीच फिरकलं नाही.
"किती?" त्यानं विचारलं.
"चार," मी म्हटलं.
तो जरा गप्प. मग म्हणाला,
"दारिया, दाण्याच्या डब्याची सावली
सकाळपासून हललेली नाही."
आणि हसला. डॉक्टरांकडून आल्यापासून पहिल्यांदाच,
इतका, की किटली उतू गेलेली
दोघांनाही कळली नाही.

आज मीही त्याच्याशेजारी बसून
खांबाकडे बघतेय.
एक. दोन. तिसरी बहुधा वारा.

सूर्यफुलाच्या बिया संपत आल्यात,
गुरुवारी गावात जायला हवं.
गाडी मी चालवीन.
वळणं तो सांगेल.