एक नंबर मोठे

भुसावळला इन्स्टिट्यूटच्या मागे टेनिसचं कोर्ट होतं.
आता तिथे पाण्याची टाकी आहे, टाकीखाली शेळ्या.
माझे आजोबा, उखर्डू बैसाणे, वय अकरा, अनवाणी,
चेंडू वेचायचे तिथे.
साहेब दिसायचे कसे, विचारलं तर म्हणायचे,
वर बघायची रीत नव्हती.
मला पाय आठवतात. पांढरे.
चामड्याच्या बुटाचा आधी आवाज येतो, मग माणूस.
या बुटांतला माणूस
आधीच येऊन उभा असायचा.

साहेब गेले त्या वर्षी
कुणीतरी जुना जोड कुंपणाला टांगून ठेवला.
दिला असं म्हटलं नाही, विसरलो असंही नाही.
आजोबांनी तीन दिवस वाट पाहिली, चौथ्या दिवशी काढला.
बूट दहा नंबरचा, पाय सहाचा.
उरलेल्या जागेत कापूस कोंबला,
मालधक्क्यावरच्या फाटक्या गाठीतला.
आणि मग मरेपर्यंत एकच सिद्धान्त सांगत राहिले:
हा बूट म्हणजे आपलाच कापूस.
गाठीत बांधून गेला, बोटीत बसला,
तिकडे जाडाभरडा विणला, खाली रबर चिकटवलं,
साहेबाच्या पायात घालून परत धाडला.
पारोळ्याकडची बोली त्यांची,
म्हणायचे, "घर दखाले उना तो."
खरं की खोटं, कोणी तपासलं नाही.

माझ्या वेळेपर्यंत ते साहेबाचे उरले नव्हते.
तोलारामच्या दुकानात गोणीतून निघायचे,
नाडीनं एकमेकांना बांधलेले, खोकासुद्धा नाही.
नव्या रबराचा तो वास
मला अजून परीक्षेसारखा वाटतो.
फाळणीत सगळं मागे टाकून आलेला तोलाराम,
मापाचा बूट त्यानं कुणाला विकला नाही.
"एक नंबर मोठा घे, पोर वाढते."
पोर वाढायची. बूट आधी फाटायचा,
करंगळीपाशी, नेहमी करंगळीपाशी.

शुक्रवारी रात्री सफेदा.
तो संपला की वर्गातून उचललेला खडू, ओल्या फडक्यावर.
शनिवारी कवायतीला दोनशे पाय एकदम आपटले
की गुडघ्याएवढा पांढरा धूर उठायचा.
त्यात कोण बैसाणे, कोण झांबरे, कोण पिंजारी,
कोण गार्डाची पोर, कोण आगवाल्याची,
झोपे सरांना घोट्याखाली ओळखू यायचं नाही.
घोट्याच्या वर यायचं.

सावद्याला मैत्रिणीकडे केळीच्या बागेत
मी ते घालून गेले. चूकच.
केळीचा चीक पहिल्या दिवशी दिसतही नाही.
दुसऱ्या दिवशी कत्थई, मग काळा, मग कायमचा.
लिंबू झालं, रॉकेल झालं,
आईनं तापीच्या वाळूनंही घासून पाहिला.
सफेद्याखाली आठवडाभर दबून राहायचा,
घाम आला की पुन्हा वर.
जळगावला आठशे मीटर धावले तेव्हा
तो डाग सबंध वेळ माझ्यापुढे अर्धं पाऊल होता.
तिसरी आले मी.
पुढच्या दोघींच्या पायात काय होतं
ते अजून सांगू शकते. चेहरे नाही.

परवा भाचीच्या लेकीनं, रेवानं, तेच बूट घेतले.
तेच. काचेच्या कपाटात, वर दिवा लावलेला,
आणि पुढच्या टोकाला एक कत्थई शिंतोडा.
मी बोटानं खरवडून पाहिला.
दुकानातला पोरगा म्हणाला, "आजी, ते डिझाइन आहे."
हसले नाही मी. अंगठ्याशी दाबून पाहिलं,
जागा आहे का.
"एक नंबर मोठे दे."
"मावशीआजी, आता पाय वाढत नाही माझा."
"असू दे. कापूस घालू."

तिनं मापाचेच घेतले.

जिना उतरताना मी पुढे, काठी टेकत,
चपला फटफटवत, कठड्याशी बोलत.
खाली पोचून हाक मारायला वळले,
तर रेवा शेजारी
आधीच येऊन उभी.