रकाना

मेडिकलच्या ओपीडीत मी चिठ्ठ्या लिहितो:
नाव, गाव, वय, आजार.

देवरीहून रात्रीच्या एसटीनं आलेली
फुलवंता उईके, एकोणीस.
मनगटावर चुलीचा जुना डाग.
"भाकर टाकता टाकताच आली तिले,"
माय सांगते, मग खिडकीशी वाकून
"दादा, मिरगी नोको लिहू.
सोयरीक हाय वैशाखात."

मागे रांग पार जिन्यापर्यंत.
कुणाच्या पिशवीत कांदा,
कुणाच्या एक सुटी चप्पल,
हुंगवायला.

मी लिहिलं: डोकेदुखी.

मार्चअखेर तक्ता वर जाईल,
त्यात अख्ख्या विदर्भाचं डोकं
नुसतं दुखत असेल.

गोळ्या दहाच दिवसांच्या मिळाल्या.
पायरीवर बसून माय
बोटांच्या पेरांवर मोजत होती
वैशाख.